एका म्यानात दोन तलवारी

वेताळाच्या लग्नाला मॅण्ड्रेक आला होता. वाड्यातल्या एका मोठ्या मुलाने हे सांगितलं, तेव्हा मला ती शुद्ध थाप वाटली. इंद्रजाल कॉमिक्स त्या वेळी मराठीतही निघत. एका अंकात वेताळ, दुसऱ्यात जादूगार मॅण्ड्रेक, अशी ती आमच्या दृष्टीने दोन स्वतंत्र राज्यं होती. एकाची कवटीची गुहा डेंकालीच्या जंगलात, दुसऱ्याचा झनाडू नावाचा महाल कुठे तरी अमेरिकेत. या दोघांची गाठ पडणार कशी? पण तो अंक हाती आला आणि पाहतो तर पाहुण्यांमध्ये खरोखरच मॅण्ड्रेक, शेजारी धिप्पाड लोथार! त्याने तिथे काय केलं ते आज मला आठवत नाही. बहुधा काहीच केलं नसावं. लग्नाला आला, एवढंच. तरीही ते चित्र मी किती वेळा उघडून पाहिलं त्याला गणती नाही.

पुढे कळलं, की यात नवल काहीच नव्हतं. दोघेही ली फॉक या एकाच लेखकाचे मानसपुत्र. मॅण्ड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. १९७७ साली धाकट्याचं लग्न निघालं, थोरला आला. पण त्या एका चित्राने मला एक गोष्ट सांगून टाकली होती. मी अंक मिटून ठेवल्यावरही ही माणसं कुठे तरी जगत असतात, एकमेकांना ओळखतात, लग्नाची आमंत्रणं धाडतात.

अमेरिकन कॉमिक्सच्या धंद्यात याला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. एका मालिकेतला नायक दुसऱ्याच्या मालिकेत पाहुणा म्हणून जातो, किंवा एकच मोठी कथा निरनिराळ्या मालिकांच्या अंकांतून पुढे सरकत राहते. यातली गंमत कथेत कमी आणि वाचणाऱ्याच्या आठवणीत जास्त असते. आपल्याकडे १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’साठी एका रंगमंचावर आले, तेव्हा लोक काही नाटकाची गोष्ट कळावी म्हणून गेले नव्हते. गोष्ट पाठच होती. या भामिनीसमोर तो धैर्यधर कसा उभा राहतो, हे पाहायला गेले होते. दोघांनाही वर्षानुवर्षं ऐकलेलं असल्याशिवाय त्या रात्रीची मजा नाही. सुपरहिरोंचंही असंच आहे. क्रॉसओव्हर वाचकाच्या जुन्या ओळखीवर उभा राहतो. त्याचं बळ तिथे आहे आणि त्याचा दगाही तिथेच होतो.

पहिली भेट १९४० सालची. पुढे ‘मार्व्हल’ झालेल्या टाइमली कंपनीच्या ‘मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स’ या मासिकात दोन नायक शेजारी शेजारी नांदत होते. बिल एव्हरेटने काढलेला समुद्राखालच्या राज्याचा संतापी राजपुत्र नेमॉर, आणि कार्ल बर्गोसचा, अंगाने पेट घेणारा ह्यूमन टॉर्च. एक पाणी, दुसरी आग. कोणाच्या तरी मनात यायचंच की यांना एकदा भिडवू या. आठव्या अंकात ते भिडले, नवव्यात झुंज रंगली आणि दहाव्यात एका पानात समेट होऊन गेला. पोरांनी महिनाभर वाट पाहिली ती या एका पानासाठी! पण दुसरं होणार तरी काय? पुढच्या महिन्यात दोघांच्याही मालिका चालू राहायच्या होत्या. कोणीही हरून चालणार नव्हतं.

या पहिल्याच भेटीत क्रॉसओव्हरचा जन्मदोष दिसतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण इथे दोन्ही तलवारी मालकाच्याच आहेत आणि दोन्ही विकायच्या आहेत. मग एक ठरावीक नुस्खा तयार झाला. आधी गैरसमज, मग मारामारी, मग ‘अरे, आपला शत्रू तर एकच आहे’, मग हातमिळवणी. मी असे किती अंक वाचले असतील देव जाणे. मारामारी रंगात आली की माझं लक्ष शिल्लक पानांकडे जायचं. पाच पानं उरली म्हणजे आता मैत्री होणार.

‘यांच्यात भारी कोण’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही, म्हणून १९९६ साली मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एक अजब तोड काढली. दोघांचे नायक झुंजवले आणि त्यातल्या पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोपवला. मतदानात मार्व्हलच्या स्टॉर्मने डीसीच्या वंडर वूमनला हरवलं. निवडणूक म्हणून ठीक आहे, पण कथा म्हणून? लढतीचं कारण त्या दोघींच्या स्वभावात नव्हतं आणि निकालाचं कारण लढतीत नव्हतं. लेखकाने निकाल हाती आल्यावर त्याला शोभेल असं पान लिहायचं, एवढंच त्याचं काम राहिलं.

मग चांगला क्रॉसओव्हर कसा असतो? मला तो लहान भेटींमध्ये जास्त सापडला आहे. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांचंच पाहा. हे दोघे आधी एकत्र आले ते रेडिओवर, सुपरमॅनच्या श्रुतिका-मालिकेत, १९४५ साली. रेडिओवर बोलताना हे सांगायला मला विशेष आनंद होतो. कॉमिकमध्ये दोघांना एकमेकांचं खरं नाव कळलं ते १९५२ साली, ‘सुपरमॅन’च्या ७६ व्या अंकात. प्रसंग मोठा झकास आहे. क्लार्क केंट आणि ब्रूस वेन एका प्रवासी बोटीवर निघाले आहेत आणि जागा अपुरी म्हणून दोघांना एकच खोली मिळते. धक्क्यावर आग लागते. दोघेही दिवा मालवून घाईघाईने कपडे बदलू लागतात, आणि बोटीच्या गोल खिडकीतून आगीचा उजेड नेमका आत पडतो. जगाला चकवणारे दोन महापुरुष आगगाडीच्या डब्यातल्या उतारूंसारखे अर्ध्या कपड्यांत समोरासमोर! ज्याने दोघांची सोंगं आधीपासून वाचली आहेत, त्यालाच यात हसू येईल. पुढे १९५४ साली ‘वर्ल्ड्स फाइनेस्ट’ या मासिकात दोघांची कायमची जोडी जमली. आधी त्यात दोघांच्या कथा वेगवेगळ्या असत. पानं कमी करायची वेळ आली, तेव्हा दोघांना एकाच कथेत बसवलं. कागद वाचवण्याच्या हिशेबातून ती प्रसिद्ध मैत्री घट्ट झाली.

माझा सगळ्यांत आवडता प्रसंग मात्र १९६३ चा आहे. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा पहिलाच अंक, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा. मुखपृष्ठावर ‘फॅन्टॅस्टिक फोर’ हे त्या वेळचं गाजलेलं चौकडं. उद्देश उघड आहे. नव्या पोराला दुकानात उभं करायचं, तर शेजारी नामवंत पाहुणे हवेत. पण आत काय आहे? पीटर पार्करचा काका वारला आहे, घरात पैशांची चणचण आहे. त्याच्या मनात येतं, या चौघांच्या संघात आपल्याला नोकरी मिळेल. रीतसर भेट मागण्याऐवजी तो जाळं टाकून थेट त्यांच्या इमारतीत शिरतो, आपला पराक्रम दाखवायला चौघांशी मारामारी करतो आणि मग पगार किती ते विचारतो. ते म्हणतात, इथे पगार नसतो, मिळेल तो पैसा संशोधनात जातो. पोरगं फणकाऱ्याने निघून जातं.

मोजकीच पानं. पण त्यात काय नाही? त्या चौघांच्या उंच इमारतीशेजारी स्पायडरमॅनचं दारिद्र्य दिसतं, त्याचा ताठा दिसतो, मदत मागताना उर्मट होण्याची त्या वयाची रीत दिसते. त्याच्या स्वतःच्या मालिकेत एकट्याने हे इतकं उठून दिसलं नसतं. उंची दाखवायला शेजारी दुसरा माणूस उभा करावा लागतो, तसं हे झालं.

याच जातीची आणखी एक जागा सांगतो. १९८६ साली फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी ‘डेअरडेव्हिल’ची एक कथा केली. नायक न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या वस्तीतला, अंध वकील. त्या कथेत त्याचं घर, धंदा, अब्रू सगळं गेलेलं आहे. शेवटी त्या वस्तीवर हल्ला होतो, माणसं मरतात, आणि तेव्हा कॅप्टन अमेरिका, आयर्नमॅन, थॉर येऊन पोचतात. काही चौकटींपुरतेच. त्यांच्या स्वतःच्या मासिकांत आपण त्यांना रोजचे सवंगडी म्हणून पाहतो. इथे ते रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेने दिसतात आणि अंगावर काटा येतो. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर ओळखीचा माणूस निराळा वाटतो ना, तसं.

तेव्हा क्रॉसओव्हर म्हणजे धंदा आणि धंदा म्हणजे वाईट, असं मी म्हणणार नाही. धंदा पहिल्यापासून होता. १९७६ साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन, म्हणजे डीसी आणि मार्व्हल, एका पुस्तकात आले. साधा अंक २५-३० सेंटला मिळे त्या काळात याची किंमत दोन डॉलर होती. पण दोन डॉलरमध्ये पूर्ण गोष्ट मिळत होती. दुखणं वेगळ्या ठिकाणी सुरू झालं.

१९८४ साली मार्व्हलने ‘सीक्रेट वॉर्स’ काढलं. बारा अंक, लेखक जिम शूटर, जे कंपनीचे मुख्य संपादकही होते. ही मालिका मॅटेल या खेळणी कंपनीच्या बाहुल्यांच्या जोडीने निघाली. नावसुद्धा तसंच आलं. मुलांना ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे दोन शब्द आवडतात असं मॅटेलला आढळलं होतं, हे शूटर यांनीच नंतर सांगितलं आहे. यात एक युक्ती मात्र नामी होती. सगळे नायक एके दिवशी गायब होतात आणि त्यांच्या आपापल्या मासिकांत लगेच परत येतात, पण बदलून. स्पायडरमॅनच्या अंगात काळा पोशाख आहे. तो कुठून आला? ते ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकात, कित्येक महिन्यांनी कळणार. तोवर वाचा दोन्ही! वाचक जाळ्यात सापडला तो तिथे. एक कथा समजायला दुसरी विकत घ्यायची सवय लागली.

अमेरिकेतल्या मुलाला निदान दुसरी कथा दुकानात मिळत होती. आम्ही घेत होतो फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून. तिथे जे येईल ते आपलं. चौकटीच्या तळाशी फुली मारून संपादक लिहायचे, ‘याचा खुलासा अमुक मासिकाच्या अमुक अंकात’. तो अमुक अंक मुंबईत कोणाकडे असलाच, तरी माझ्याकडे नव्हता.

‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ मी असंच वाचलं. डीसीची ही मालिका १९८५-८६ ची, मार्व्ह वुल्फमन लेखक, जॉर्ज पेरेझ चित्रकार. थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९६१ साली ‘फ्लॅश’ या मालिकेच्या १२३ व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कार्मिन इन्फन्टिनो यांनी एक सुंदर कल्पना लढवली होती. आजचा फ्लॅश बॅरी ॲलन एकाएकी दुसऱ्याच पृथ्वीवर जातो, आणि तिथे त्याला जुन्या काळच्या कॉमिकमधला फ्लॅश भेटतो, म्हातारा झालेला. ज्याच्या गोष्टी लहानपणी वाचल्या, तो माणूस खरा निघाला! वाचकांना ही दुसरी पृथ्वी इतकी आवडली, की मग तिसरी आली, चौथी आली, आणि पंचवीस वर्षांत इतकी गर्दी झाली की नव्या वाचकाला काही कळेना. सगळ्या पृथ्व्यांचा नाश करून एकच ठेवायची, यासाठी ‘क्रायसिस’ होतं. क्रॉसओव्हरने केलेला पसारा आवरायला आणखी मोठा क्रॉसओव्हर.

बारापैकी दुसरा, सातवा आणि नववा अंक मला मिळाले. दुसऱ्यात बॅटमॅनसमोर एकाएकी फ्लॅश उभा राहतो. हवेत थरथरणारा, झिजत चाललेला, काही तरी सांगू पाहणारा. आणि विरून जातो. सातव्यात सुपरगर्ल मरते. सुपरमॅनला वाचवताना मरते, आणि तो तिचा देह हातांवर घेऊन उभा राहतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने रडू नये, पण मी रडलो होतो. नवव्यात फ्लॅश नाहीच. त्याचं काय झालं, हे मला पंधरा-सोळा वर्षं नीट ठाऊक नव्हतं.

पुढे बाराही अंकांचं एकत्र पुस्तक निघालं. ते हाती आलं तेव्हा मी पस्तिशीत होतो. आधी आठवा अंक उघडला. बॅरी ॲलन शत्रूची संहारक तोफ मोडायला तिच्याभोवती एकटा धावतो. इतका वेगाने, की काळाच्या मागे जातो, आणि झिजत झिजत संपतो. जाता जाता तो आपल्या मित्रांना दिसत राहतो. बॅटमॅनला दिसला होता तो हाच. दुसऱ्या अंकातला निरोप आठव्या अंकातून येत होता! त्याचं मरण प्रत्यक्ष पाहणारा मित्र एकही नाही. आपल्यासाठी कोण मेलं हे बाकीच्यांना नंतर कळतं. इतक्या मोठ्या गर्दीच्या कथेत लेखकाने तिचा कळसाचा क्षण एकट्या माणसाला दिला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. सुपरगर्ल २००४ साली परत आली. इतरांचंही तेच. २००७ साली कॅप्टन अमेरिका मेला, त्याची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली, २००९ मध्ये त्याच्या पुनरागमनाची मालिका निघाली. आपल्या पुराणांतही मेलेले उठतात, सावित्री नवऱ्याला परत आणतेच. पण तिथे त्या परत येण्याची किंमत मोजलेली असते आणि गोष्टच त्या किमतीची असते. इथे किंमत फक्त वाचकाने मोजलेली, तीही दुकानात. दोन-चारदा फसल्यावर वाचक शहाणा होतो. पुढच्या वेळी नायक मेला, की तो डोळे पुसण्याऐवजी ‘किती दिवस?’ असं विचारतो. सातव्या अंकावर रडलेला मुलगा त्या कंपनीने माझ्यातून घालवला, असं मला कधी कधी वाटतं.

मार्व्हलचं ‘सिव्हिल वॉर’ या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. २००६-०७ चे सात अंक, मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅक्निव्हन यांचे. काही तरुण सुपरहिरोंच्या निष्काळजीपणात शेकडो माणसं मरतात आणि सरकार कायदा करतं, की शक्ती असलेल्याने खरं नाव नोंदवावं. आयर्नमॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. हा प्रश्न एका नायकाच्या मालिकेत विचारताच आला नसता. जुने मित्र दोन बाजूंना हवेत, आणि त्यांची मैत्री वाचकाने वर्षानुवर्षं पाहिलेली हवी. क्रॉसओव्हरचं बळ ते हेच. दुसऱ्या अंकात स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढून नाव सांगतो. तेव्हा, चाळीसएक वर्षं जपलेलं गुपित एका चौकटीत गेलं म्हणून, वाचकाचाही श्वास अडकतो.

पण ती कथा डझनावारी मालिकांमध्ये पसरली. प्रत्येकीचा लेखक वेगळा, आणि प्रत्येकाच्या हातात कायदाही थोडा वेगळा झाला. एकाकडे वाटतं, फक्त गुन्हेगारांशी लढणाऱ्यांनी नाव नोंदवायचं आहे. दुसऱ्याकडे, घरी गप्प बसलेल्यालाही सक्ती आहे. ज्या कायद्यावरून युद्ध पेटलं त्याचं कलम काय हेच नक्की नाही, तर वाचकाने बाजू कोणाची घ्यायची? त्यात मुख्य मालिकेचा चौथा अंक लांबला, आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की मागच्या सगळ्या खोळंबतात तशी इतर मासिकं खोळंबली. आणि तो मुखवटा? २००७ च्या अखेरीस स्पायडरमॅनच्या मालिकेत एका सैतानाशी सौदा झाला, पीटरचं वीस वर्षांचं लग्न पुसलं गेलं, आणि त्याच झाडणीत त्याचं नावही जगाच्या आठवणीतून गेलं.

तरी या प्रकारावर फुली मारायला माझा हात धजत नाही. २०१४ साली ‘स्पायडर-व्हर्स’ नावाचा क्रॉसओव्हर आला, निरनिराळ्या विश्वांतले सगळे स्पायडरमॅन गोळा करणारा. त्याच्या निमित्ताने एका अंकात ग्वेन स्टेसी, म्हणजे पीटरची १९७३ साली मेलेली मैत्रीण, तिच्या विश्वात स्वतःच स्पायडर झालेली दाखवली. ती वाचकांनी इतकी उचलून धरली, की तिची स्वतंत्र मालिका निघाली. तिला कोणी जिवंत केलं नाही. इथली ग्वेन मेलेलीच राहिली. त्याच मेळाव्यात आपला पवित्र प्रभाकरही होता. २००४ साली भारतासाठी काढलेल्या चार अंकांमधला, खेड्यातून शिकायला मुंबईत आलेला, भीमकाका आणि मायाकाकू असलेला स्पायडरमॅन. एरवी त्याला कोणी विचारलं नसतं. या ओळखीनंतर २०२३ च्या चित्रपटात तो झळकला, मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या ‘मुंबॅटन’ शहरात उड्या मारत.

शेवटी एका पुस्तकाविषयी सांगायचं आहे. डीसीची जस्टिस लीग आणि मार्व्हलचे ॲव्हेंजर्स यांची भेट १९८० च्या सुमारास ठरली होती. पेरेझने काही पानं काढलीही होती. पण दोन कंपन्यांचं जमेना आणि १९८३ साली बेत बारगळला. वीस वर्षांनी, २००३-०४ मध्ये, तो पुरा झाला. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रं पेरेझचीच. तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर दोन्ही संघांचे आजवरचे दोनशेच्या वर सदस्य आहेत, एकेकाचा चेहरा ओळखू येईल असे. २०२२ साली पेरेझ अखेरच्या आजारात होता तेव्हा त्याच्या सन्मानार्थ या पुस्तकाच्या फक्त ७००० प्रती पुन्हा छापल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

त्या तिसऱ्या अंकात दोन विश्वं एकमेकांत मिसळून बिघडलेली आहेत. त्या बिघाडात बॅरी ॲलन जिवंत आहे, सगळे सुखात आहेत. मग त्यांना मूळचं, खरं जग दाखवलं जातं. कोणी मेला, कोणाची मुलं गेली, कोण वाईट मार्गाला लागला. बॅरीला स्वतःचं मरण दिसतं. जग दुरुस्त करायचं तर ते मरण स्वीकारावं लागेल. तो दुरुस्त करायला तयार होतो. ज्याने ‘क्रायसिस’चा आठवा अंक वाचलेला नाही, त्याला हे पान साधं वाटेल. मी ते वाचून पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसलो होतो.

२००८ साली डीसीने बॅरी ॲलनला परत आणलं. तो अंक माझ्याकडे आहे. अजून उघडलेला नाही.